हॉर्टन प्लेन्स: धुक्याच्या आधी आणि धुक्यात

श्रीलंकेतल्या हॉर्टन प्लेन्स उद्यानाच्या भेटीचं वेळापत्रक उलट्या बाजूने मांडायचं असतं. वर्ल्ड्स एंडच्या कड्यावर साडेआठच्या आत पोचायचं, म्हणून साडेसहाला चालायला लागायचं. त्यासाठी सहाला फाटकावर हजर व्हायचं, पावणेपाचला नुवारा एलिया गावातून गाडी सोडायची आणि साडेचारला अंघोळीचा विचारही न करता उठायचं. यातली एक कडी अर्ध्या तासाने सरकली की कड्यावर पोचेपर्यंत समोर पांढरी भिंत उभी असते. मग खाली दरी आहे हे पाटी वाचूनच कळतं.

श्रीलंकेच्या मध्यभागी, डोंगराळ मुलखाच्या दक्षिण काठावर हे पठार आहे. सरासरी उंची सुमारे २१०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्याच्याही साडेचारशे मीटर वर हे सपाट गवताळ रान पसरलेलं आहे. क्षेत्रफळ फार नाही, जेमतेम ३१-३२ चौरस किलोमीटर. पण महावेली, केलानी आणि वळवे या तीन मोठ्या नद्यांचे उगमाकडचे ओढे इथूनच निघतात. सिंहली नाव महा एलिया. हॉर्टन हे नाव १८३१ ते १८३७ या काळात सिलोनचा गव्हर्नर असलेल्या रॉबर्ट विल्मट-हॉर्टन याचं. १९८८ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली मध्य श्रीलंकेच्या डोंगराळ प्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलं.

वर जायला दोन बाजू आहेत. नुवारा एलियाहून अंबेवेला, पट्टीपोला करत येणारा रस्ता साधारण ३२ किलोमीटरचा. अंतर कमी वाटतं, पण अंधार, वळणं आणि धुकं धरून सव्वा तास ठेवावा. दुसरी वाट हापुतलेकडून ओहियामार्गे वर चढते. एल्ला किंवा हापुतलेत मुक्काम असेल तरच ती सोयीची. ओहियाला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे रेल्वेने येऊन चालत वर जाऊ असा बेत काहीजण करतात. स्टेशनपासून फार इनपर्यंत, म्हणजे पठारावरच्या जुन्या विश्रामगृहापर्यंत, सुमारे ११ किलोमीटरचा चढ आहे. सकाळच्या गाडीने उतरून हा चढ चढलात तर कडा धुक्यातच बघायचा हे नक्की.

गाडी आदल्या संध्याकाळी ठरवावी आणि ड्रायव्हरला 'सहाला फाटक' असं स्पष्ट सांगावं. टुकटुकही येतात, पण जानेवारीत पहाटे पाचला उघड्या टुकटुकमध्ये सव्वा तास बसणं ही शिक्षा आहे. चौघं-पाचजण असाल तर व्हॅन. त्याला आणखी एक कारण आहे. परदेशी पर्यटकाच्या तिकिटात माणशी शुल्क, पूर्ण गटामागे एक सेवाशुल्क, गाडीचं शुल्क आणि वर कर असे तुकडे असतात. गटाचं सेवाशुल्क चौघांत विभागलं तर जाणवत नाही, एकट्या माणसाला मात्र ते पूर्ण बसतं. सार्क देशांच्या नागरिकांसाठी वेगळा दर असतो, पण त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉटेलच्या तिजोरीत ठेवलेला पासपोर्ट इथे कामाचा नाही.

पोलीथीन आत न नेण्याचा नियम मात्र नीट समजून घ्यायला हवा. सकाळचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच वाया जातो. पायवाट सुरू होते तिथे टेबल मांडलेलं असतं. प्रत्येक पिशवी उघडली जाते. बिस्किटांचा पुडा निघाला तर वेष्टन फाडून बिस्किटं कागदी पिशवीत ओततात. पाण्याच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं लेबल सोलून काढतात, बाटली परत देतात. सिगरेट, काडेपेटी, लायटर बाजूला काढले जातात. आपल्याकडच्या मंडळींची पंचाईत इथे होते: मुंबईहून आणलेला चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की, सगळं कसं घट्ट प्लास्टिकमध्ये असतं. चिवडा कागदात ओतला की वाऱ्यावर जातो. दुसरी पंचाईत हॉटेलच्या पार्सल नाश्त्याची. श्रीलंकेत भात असो की सँडविच, पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायची सवय सर्रास आहे. म्हणून रात्रीच सांगून ठेवावं की नाश्ता केळीच्या पानात किंवा साध्या कागदात द्या. त्याहून सोपं म्हणजे एक स्टीलचा डबा बरोबर नेणं. डबा उघडून बघतात, झाकण लावतात, 'जा' म्हणतात. दहा सेकंदांचं काम.

नियम जाचक वाटला तर आजूबाजूच्या सांबरांकडे बघावं. फार इनच्या आवारात पहाटे ती मोकळी चरत असतात. फार इन म्हणजे इंग्रज शिकाऱ्यांचं जुनं विश्रामगृह, आता तिथे माहिती केंद्र आहे. सिंहलीत सांबराला गोना म्हणतात. ताडोब्यात सांबर दिसतं ते बहुतेक पळतानाच. इथे पूर्ण वाढलेला नर पाच-सहा मीटरवर, शिंगांवर दव घेऊन, गाडीच्या खिडकीकडे तोंड करून उभा असतो. ही माणसाळलेली सांबरं पर्यटकांनी वर्षानुवर्षं खाऊ घालून तयार केली आहेत. खाऊचा वास असलेलं प्लास्टिकही ती गिळतात. काही खायला घालायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही आणि फोटोसाठी नराच्या शिंगांच्या पल्ल्यात उभं राहायचं नाही. तो शांत दिसतो, पण पाळीव नाही.

अंगावर काय असावं? पहाटे पाच-सहा अंश तापमान अगदी नेहमीचं. जानेवारी-फेब्रुवारीत गवतावरचं दव गोठून पांढरं पडतं. नऊनंतर ऊन निघालं तर तासाभरात टी-शर्टवर येता. म्हणून एकच जाड जाकीट नको, तीन पातळ थर बरे: आत लवकर वाळणारा शर्ट, वर लोकरीचं किंवा फ्लीसचं काही, आणि त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. कानटोपी हवीच. टोपी आणि सनस्क्रीनसुद्धा. थंडीमुळे ऊन लागतंय हे कळत नाही, आणि संध्याकाळी नाक सोलून निघतं. बुटांना खाचा खोल हव्यात. सँडल घालून चालणारे स्थानिक लोक दिसतील. त्यांचं बघून आपण करू नये. माणशी एक ते दीड लिटर पाणी पुरतं. या उंचीवर विरळ हवेचा आजार सहसा होत नाही, फक्त पहिल्या चढाला दम नेहमीपेक्षा लवकर लागतो. स्वच्छतागृह फार इनजवळ आहे. तिथेच जाऊन यावं, पुढे तीन-चार तास झाडीच आहे.

मुख्य फेरी साधारण साडेनऊ किलोमीटरची आहे. सुरुवातीला वाट उघड्या गवताळ मैदानातून जाते. या गवताला तिथे पतना म्हणतात. बेळिहुल ओयाचा प्रवाह ओलांडला की थोड्या वेळाने फाटा येतो. एक पाटी वर्ल्ड्स एंडची, दुसरी बेकर्स फॉल्सची. दोन्ही वाटा शेवटी एकमेकींना मिळतात, म्हणून लोकांना वाटतं कुठूनही गेलं तरी चालेल. चालत नाही. आधी कडा, मग धबधबा. धबधबा धुक्यातही दिसतो, ऐकू तर येतोच. कडा धुक्यात शून्य.

फाट्यापासून पुढे वाट झाडीत शिरते आणि पायाखाली मुळं, चिखल आणि गुळगुळीत दगड सुरू होतात. फार इनपासून पाऊण ते एका तासात लघु वर्ल्ड्स एंड येतो. तिथला कडा अडीच-तीनशे मीटरचा. बरेचजण इथेच अर्धा तास सेल्फी काढत बसतात. पाच मिनिटं बघावं आणि निघावं. खरा कडा अजून पंचवीस-तीस मिनिटं पुढे आहे, आणि धुकं आपल्यासाठी थांबत नाही.

वर्ल्ड्स एंडला पठार अक्षरशः तुटतं. जवळजवळ ८७० मीटरची सरळ धार. खाली चहाचे मळे, ठिपक्याएवढी वस्ती, त्यापलीकडे दक्षिणेची सखल भूमी आणि तिथल्या जलाशयांची चमक. हवा अगदी स्वच्छ असेल तर क्षितिजावर समुद्राची रेघ दिसते. कोकणकडा पाहिलेल्या माणसाला तुलना केल्याशिवाय राहवत नाही, आणि ती करण्यासारखी आहे. कोकणकडा लाव्हाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बसाल्टचा, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. हा कडा रूपांतरित खडकाचा आहे, दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुन्या. त्यात आडवे थर मोजता येत नाहीत. धुक्याची तऱ्हा मात्र दोन्हीकडे सारखीच. सकाळी ऊन चढलं की खालच्या दरीतली हवा तापून कड्याला लागून वर सरकते, वर येताना थंड होते आणि काठावर पोचेपर्यंत तिचं धुकं झालेलं असतं. म्हणजे स्वच्छ, उन्हाची सकाळ असली तरी निर्धास्त राहू नये. उलट असं ऊन पडलं की धुकं लवकर उठतं. साडेआठला समुद्र दिसतोय आणि नऊला स्वतःचे बूट धूसर, हे इथलं नेहमीचंच.

काठावर एक काळजी घ्यावी. गवत ओलं असतं आणि काठाची माती खालून पोखरलेली असू शकते. कठड्याच्या आत राहावं. फोटो काढताना मागे सरकत जायची सवय असलेल्या माणसाला इथे कुणीतरी धरून ठेवावं. चेष्टा नाही. या कड्यावरून माणसं पडलेली आहेत.

धुकं भरलं की ऐंशी टक्के लोक 'संपलं' म्हणून भरभर पुढे निघतात. हॉर्टन प्लेन्सचं जंगल बघायची वेळ मात्र तेव्हाच सुरू होते. इथल्या झाडांकडे बघा: किना नावाच्या झाडांचे शेंडे छत्रीसारखे सपाट, वाऱ्याने कातरल्यासारखे. खोडं वाकडी, आणि खोडावर बोटभर शेवाळ, दगडफूल, छोटी ऑर्किड्स. या शेवाळावर धुक्याचे थेंब साठतात आणि टपटप खाली पडतात. पाऊस नसताना पायवाट ओली का, याचं उत्तर वर बघितलं की मिळतं. ज्या धुक्याला कड्यावर शिव्या बसतात, त्यावरच हे रान जगतं आणि खालच्या नद्याही त्याचंच पाणी पितात.

याच ओल्या खोडांवर शिंगाचा सरडा असतो. सेरॅटोफोरा या वंशातले सरडे जगात फक्त श्रीलंकेत आहेत, आणि त्यातला नाकावर टोकदार शिंग असलेला हा डोंगराळ भागातला. शोधायची रीत अशी: थांबायचं, वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खोडांवर गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात नजर हळूहळू फिरवायची. हलणारी वस्तू शोधू नये, तो हलत नाहीच. रंग शेवाळी-तपकिरी, खोडासारखाच. नजरेला पहिल्यांदा पडतं ते शिंग, कारण ते पांढरं असतं: बासमतीच्या लांब दाण्यासारखं, नाकाच्या टोकावर पुढे रोखलेलं. नराचं मोठं, मादीचं बारीक. सापडला की फांदी हलवायची नाही, फ्लॅश मारायचा नाही. थंडीत त्याचं अंग आखडलेलं असतं, पळता येत नाही, म्हणून त्याला उचलून तळहातावर घेणारे गाइडही भेटतात. त्यांना नको म्हणावं. एखादा सरडा दिसायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दोन तासांतही दिसत नाही. गर्दीच्या लोंढ्यात चालत राहिलात तर नक्कीच दिसत नाही.

माकडांमध्ये इथला जांभळ्या तोंडाचा वानर बघावा. त्याची डोंगरावरची उपजात इंग्रजीत अस्वल-माकड म्हणून ओळखली जाते, आणि ते नाव शोभतं. थंडीमुळे केस इतके दाट की झाडावर घोंगडं टाकल्यासारखं वाटतं. गालावर पांढरे कल्ले. सकाळी याचं घोगरं, भुंकल्यासारखं ओरडणं दरीभर घुमतं, दिसतो मात्र क्वचित आणि उंच शेंड्यावर. वाहनतळावर पिशव्या ओढणारी टोपीसारख्या केसांची माकडं वेगळी. ती टोक मकाक, आपल्याकडच्या लालतोंड्यांची चुलत भावंडं, आणि चोरीत अजिबात मागे नाहीत. बिबट्या आहे, सिंहलीत कोटिया. श्रीलंकेत आज वाघ नाही, त्यामुळे जंगलातला सगळ्यात मोठा शिकारी तोच. पायवाटेवर त्याची विष्ठा आणि खुणा दिसतात, तो दिसेल असं धरून चालू नये. हत्ती एके काळी या पठारावर होते, इंग्रजांच्या काळातल्या शिकारीने ते संपले.

पक्षी बघणाऱ्यांनी कड्याच्या आधीचा वेळ वेगळा काढावा. पट्टीपोलाकडून वर येताना रस्त्यालगत एक डबकं आहे, पक्षीनिरीक्षकांमध्ये त्याला अरेंगा पूल म्हणतात. तिथे श्रीलंकेचा शीळकरी कस्तूर, म्हणजेच अरेंगा, उजाडता-उजाडता दिसतो. अंधुक उजेडातला गडद निळा पक्षी, तीक्ष्ण बारीक शिट्टी, आणि उजेड नीट झाला की झुडपात गायब. आता अडचण उघड आहे: हाही पक्षी सकाळी सहा-साडेसहाचाच, आणि कड्याची घाईही तेव्हाचीच. दोन्ही एका सकाळी होत नाहीत. खरंच पक्ष्यांसाठी आला असाल तर दोन सकाळी द्याव्यात, नाहीतर संध्याकाळी पुन्हा डबक्यावर थांबावं. पिवळ्या कानाचा बुलबुल आणि निळसर माशीमार मात्र वाटेवर, धुक्यातही भेटतात.

बेकर्स फॉल्सला वर्ल्ड्स एंडपासून तास-दीड तास लागतो. हा वीसेक मीटर उंचीचा, रुंद, पायऱ्यापायऱ्यांनी पसरणारा धबधबा. नाव सॅम्युअल बेकर या इंग्रजाचं, ज्याने १८४०च्या दशकात नुवारा एलियात वसाहत उभी केली. उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. जोग किंवा दूधसागर बघितलेल्यांना वीस मीटर म्हणजे काहीच नाही. इथलं देखणेपण पाण्यापेक्षा भोवतालच्या झाडीचं आहे: वृक्षनेच्यांच्या छत्र्या, ओल्या काळ्या खडकावरून उतरणारी पांढरी झालर, आणि मोसमात लालभडक ऱ्होडोडेंड्रॉन. सिंहलीत त्याला महारत्मल म्हणतात, म्हणजे मोठं लाल फूल. हिमालयात बुरांस बघितला असेल तर हा त्याच्याच जातीचा.

धबधब्याकडे उतरणारी वाट ही संपूर्ण फेरीतली सगळ्यात वाईट जागा. तीव्र उतार, झिजलेल्या पायऱ्या, मधेच उघडी मुळं आणि सतत ओलावा. तोपर्यंत सहा-सात किलोमीटर चाललेले गुडघे थकलेले असतात, म्हणून पाय इथेच घसरतात. आडवं पाऊल टाकून, एका हाताने कठडा धरून उतरावं. मोबाइल खिशात. पाण्यात उतरायची परवानगी नाही, आणि दगड इतके निसरडे आहेत की परवानगी असती तरी उतरू नये. इथून परतीची वाट पुन्हा गवताळ मैदानातून, सोपी, पण सावली नाही. गवतात मधेमधे पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं दिसतील. सुंदर आहेत, पण बाहेरून आलेली आहेत. युरोपातली गॉर्स पसरत चालली आहे आणि मूळ गवताची जागा खाते.

आणखी एक झुडूप ओळखीचं वाटेल. सिंहलीत नेलु, आपली कारवी ज्या वंशातली त्याच स्ट्रोबिलँथिस वंशातलं. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, इथला नेलु साधारण बारा वर्षांनी. सह्याद्री आणि श्रीलंका मिळून जैवविविधतेचा एकच पट्टा मानतात, तो का हे अशा एका पानावरून कळतं.

निवांत चाललं तर सगळी फेरी चार तासांत होते. धावत केली तर अडीचमध्ये, पण मग सरडा, वानर, पक्षी सगळं सोडून. पाय दुखणारे ज्येष्ठ बरोबर असतील तर त्यांनी लघु वर्ल्ड्स एंडपर्यंत जाऊन त्याच वाटेने परतावं. बेकर्स फॉल्सचा उतार गाळला की निम्मा त्रास जातो. ज्यांना उलट आणखी चढायचंय त्यांच्यासाठी पट्टीपोलाच्या बाजूला तोटुपोल कांदा आहे, २३५७ मीटर, जाऊन-येऊन दीड-दोन तास. किरिगलपोत्ता २३८९ मीटर, देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर, पण त्याला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. वर्ल्ड्स एंड आणि ते एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नये.

दिवस निवडताना जानेवारी ते मार्च धरावा. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारा पठारावर असा घोंघावतो की छत्री उघडताच उलटी होते. तारीख ठरवताना श्रीलंकेचं कॅलेंडरही बघावं. दर पौर्णिमेला तिथे पोया म्हणून सुट्टी असते, आणि एप्रिलच्या मध्याला सिंहली-तमिळ नववर्षाच्या आसपास नुवारा एलिया माणसांनी फुलून जातं. त्या दिवशी पायवाटेवर रांग लागते आणि प्राणी आत सरकतात. मधला वार, मंगळवार-बुधवार, उत्तम.

उतरल्यावर पुढचा मुक्काम एल्लाला असेल तर नुवारा एलियाला परत न जाता ओहियाच्या बाजूने खाली उतरून तिथून बदुल्लाकडे जाणारी रेल्वे पकडता येते. मात्र सामान सकाळीच गाडीत टाकलेलं हवं, आणि रेल्वे सुरू आहे की दरड पडून बंद, हे आदल्या दिवशी स्टेशनवर विचारलेलं हवं. दिवसाच्या गाड्या मोजक्याच आहेत. दुपारची चुकली तर ओहियाच्या फलाटावर डब्यात उरलेलं खात बराच वेळ काढावा लागतो, आणि तिथेही माकडं आहेतच.